जावईबापूंचा सर्व्हर आमच्या ओटीवर

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, आणि पुढची वर्षं बोंबील निवडण्यात गेली, त्याने बोटं जाड झाली. पेन हातात धरलं की सुरी धरल्यासारखं वाटतं. हे कागद कोणाच्या हाती लागले तर त्याने माफ करावं, नाहीतर वाचू नये. कोणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. कागद मात्र गुळगुळीत आहेत. जावईबापूंनी आपल्या योजनेची माहिती छापून आणली होती. ती कोणी वाचली नाही, आणि मागची बाजू कोरीच राहिली. इतका चांगला कागद चुलीत घालायला जीव होईना.

मी चारचौघांत बोलत नाही. बचत गटाच्या बैठकीत दाराशी बसते, सगळ्या हो म्हणाल्या की हो म्हणते. घरात जावयाशी तर मुळीच बोलत नाही. सासूने जावयाशी समोरासमोर बोलायचं नाही ही आमच्या घरातली जुनी रीत. गावात बाकीच्यांनी ती केव्हाच सोडली. शेजारीण तर जावयाबरोबर एका बाकड्यावर बसून मालिका बघते आणि खलनायिकेला दोघं मिळून शिव्या देतात. मी रीत सोडली नाही. संस्काराचं म्हणाल तर तसं काही नाही, मला ती सोयीची पडते. लाजाळू बाईला न बोलण्याची सूट कोण देतं? रीतीने दिली, मी घेतली.

तर जावयाला काही सांगायचं असलं की मी भिंतीला सांगते. ''चहा ठेवलाय म्हणावं कोणीतरी.'' भिंत काही म्हणत नाही. थोड्या वेळाने कप रिकामा दिसला तर बोलणं पोचलं असं समजायचं. भरलेला दिसला तर पुन्हा भिंतीला सांगायचं. कधी लेकीने आधीच एक कप दिलेला असतो. मग जावईबापू दोन्ही पितात. नको म्हणायला त्यांनाही बोलावं लागेल ना.

जावईबापू मूळचे तलासरीचे. हायवेजवळ एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. क्लास बंद पडला. का पडला हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी भिंतीला तसलं विचारत नाही. लेकीला घेऊन ते डहाणूला आमच्याकडे आले, बरोबर एक काळी पेटी आणि तारांचं भेंडोळं. आमच्या ओटीवर, जिथे मी सुकटीच्या टोपल्या ठेवत असे, तिथे ती पेटी बसली. तिला सर्व्हर म्हणायचं. तिला गारवा लागतो म्हणून आमच्या घरातला एकुलता एक टेबलफॅन तिच्याकडे गेला. माझे मालक उघड्या अंगाने दारात बसून वहीचा पुठ्ठा हलवायचे आणि पेटीकडे बघायचे. ओटीवर जावई, म्हणून मी स्वतःच्या घरात मागच्या दाराने यायला-जायला लागले.

योजना अशी होती. आम्ही किनाऱ्यावरच्या बायका सुकी मासळी करतो. वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळतात, खाली जाळ्यावर जवळा वाळतो. पावसाळ्याआधी आगोटीची भरती करायला कैनाडपासून वेवजीपर्यंतचे पाड्यावरचे दुकानदार माल मागवतात. पूर्वी आम्ही डोक्यावर टोपली घेऊन जायचो, नाहीतर ते फोन करायचे आणि आम्ही जीपवाल्याकडे बोचकं द्यायचो. जावईबापू म्हणाले, हे मागासलेपण आहे. आता दुकानदाराच्या फोनात ॲप असेल, तो बटण दाबेल, मागणी थेट ओटीवरच्या सर्व्हरवर येईल.

त्यासाठी पैसे हवे होते. पेटीला बॅटरी हवी, आणि लाइनवाल्याकडून कायमचा पत्ता विकत घ्यायला हवा. फोनचा पत्ता बदलला तरी चालतो म्हणे, सर्व्हरचा बदलून चालत नाही, नाहीतर फोन हाका मारणार कोणाला? हे मला पटलं. हे पैसे गटाने द्यावेत असं ठरवून जावईबापू बैठकीत भाषण करायला आले. मी नेहमीसारखी दाराशी बसून ऐकत होते.

''सर्व्हर म्हणजे सेवा देणारा. क्लायंट म्हणजे सेवा मागणारा,'' जावईबापू म्हणाले.

''क्लायंट म्हणजे गिऱ्हाईक ना?'' आमच्या अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

''तसंच, पण तांत्रिक अर्थाने...''

''मग गिऱ्हाईक म्हणा. तंत्र तुमच्यापाशी ठेवा.''

जावईबापूंनी रुमालाने तोंड पुसलं. मग म्हणाले, फोन आणि सर्व्हर दोन रीतींनी बोलू शकतात. पहिल्या रीतीत आधी ओळख. फोन विचारतो, ऐकतोस का? सर्व्हर म्हणतो, ऐकतो, तू ऐकतोस का? फोन म्हणतो, हो. मग बोलणं सुरू. जे पोचलं त्याची पोच यायची, नाही आली तर तेवढं पुन्हा पाठवायचं. कोण कुठवर बोललाय हे दोघंही लक्षात ठेवतात, आणि संपलं की निरोप घेऊन उठतात.

''माणसासारखी रीत आहे,'' मागून कोणीतरी म्हणालं.

''वेळखाऊ आहे,'' जावईबापू म्हणाले. ''पाड्यावर रेंज येते-जाते. ओळखपाळख होईपर्यंत रेंज गेली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मी दुसरी रीत वापरणार. कनेक्शनलेस. पाकिटावर सर्व्हरचा पत्ता, आपला पत्ता, आत मागणी, आणि द्यायचं टाकून. ओळख नाही, पोच नाही, निरोप नाही. सर्व्हर एकाच खिडकीत बसून सगळ्यांची पाकिटं घेतो. कोणाला लक्षात ठेवायची भानगडच नाही. एकदम फास्ट.''

''आणि वाटेत हरवलं तर?''

''शक्यतो हरवत नाही.''

''आमचे मोठे दीर मुंबईहून असेच पैसे पाठवतात,'' एक जण म्हणाली. ''फास्ट पाठवले म्हणतात. मी दारात उभी.''

बायका हसल्या. जावईबापू हसले नाहीत. अध्यक्षीणबाईंनी माझ्याकडे मान वळवली. ''काकू, जावई तुमचे. तुम्ही काय म्हणता? हा पैसा बंदीच्या दिवसांचा आहे, ठाऊक आहे ना?''

मला ठाऊक होतं. पावसाळ्यात होड्या ओढून वर काढतात, मासेमारी बंद होते, आणि त्या दिवसांत घरोघरी तांदूळ येतो तो गटातल्या पैशाने. त्या पैशाला हात लावायचा तर तो होड्या वर येण्याआधी परत यायला हवा. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, ''देतील ते.'' 'हो' सोडलं तर गटात इतक्या वर्षांत मी उच्चारलेले पहिले शब्द. त्यावर गटाने पैसे दिले. मी नेहमीसारखी गप्प राहिले असते तर बरं झालं असतं, पण नेमकी त्याच दिवशी मला वाचा फुटली.

खरं सांगायचं तर सुरुवात छान झाली. जावईबापूंनी पहिल्यांदा फक्त भाव पाठवायला घेतले. सकाळी बंदरावर जवळा काय भावाने, बोंबील काय भावाने, हे सर्व्हर थोड्या थोड्या वेळाने सगळ्या दुकानदारांना टाकायचा. एखाद्याचं एक पाकीट हरवलं तरी बिघडत नव्हतं, कारण मागोमाग पुढचं येत होतं, आणि हरवलेला भाव तोवर शिळाच झालेला असायचा. बाजारात आम्ही भाव ओरडतो तसंच ते. ओरडताना कोण विचारत बसतं, बाई, तुला ऐकू आलं का? ज्याला हवं तो ऐकतो, नाहीतर पुढच्या हाकेला ऐकतो. गटातल्या बायका खूश झाल्या. जावईबापू छाती काढून ओटीवर बसायला लागले आणि पंख्याचं तोंड त्यांनी आपल्याकडे वळवून घेतलं.

मग मागण्या सुरू झाल्या, त्याही त्याच रीतीने. भाव ओरडायला जी रीत बरी, ती सौद्याला कशी चालेल हा विचार करायला जावईबापूंना वेळ नव्हता. त्यांना फास्ट जायचं होतं.

पाड्यावरचा दुकानदार बटण दाबी. समोरून काही उत्तर नाही. तो पुन्हा दाबी. दार वाजवून कोणी उघडलं नाही तर माणूस पुन्हा वाजवणारच. त्यात जावईबापूंनी स्वतःची हुशारी घातली होती. ॲप प्रत्येक मागणी आपणहून दोनदा टाकायचं, म्हणजे दोनांतलं एक तरी पोचेल. पण ही दोन्ही पाकिटं एकाच मागणीची आहेत हे सर्व्हरला कसं कळावं? तो कोणाला लक्षात ठेवत नाही, हाच तर त्याचा मोठेपणा. त्याने दोन मागण्या धरल्या. लेक पडद्यावर वाचून सांगायची, आम्ही बोचकी बांधायचो, जीप भरून जायची.

यावर कोणी तक्रार करेल असं तुम्हाला वाटेल. तुम्हाला आमची माणसं ठाऊक नाहीत. आम्ही वाटा घातला की वर मूठभर टाकतोच, ती आमची पद्धत. वेवजीच्या दुकानदाराला पहिलं बोचकं आलं, त्याने पैसे दिले. दोन दिवसांनी दुसरं आलं, ते त्याने वर टाकलेलं म्हणून ठेवून घेतलं. जीपवाल्याबरोबर निरोप धाडला, ''मावशीला सांग, यंदा हात भारी सैल सोडलाय, देव भलं करो.'' आणि ज्यांना काहीच आलं नाही तेही गप्पच. मासळी वाळली नसेल, वाळली की धाडेल, इतक्या वर्षांची बाई आहे, एवढ्यातेवढ्यासाठी तिला टोचायचं कशाला, असं म्हणून बसले. फुकट मिळालेले गप्प, न मिळालेले गप्प. सर्व्हर गप्प होताच. घरात मी गप्प.

कैनाडच्या दुकानदाराची गंमत वेगळीच. त्याने मागणी टाकली, मग बायकोने रागावल्यावर रद्द केली. वाटेत काय झालं देव जाणे, रद्दचं पाकीट आधी आलं आणि मागणीचं नंतर. सर्व्हरने रद्दचं पाकीट उघडलं, रद्द करण्यासारखं काही सापडलं नाही, म्हणून फेकलं. मग मागणी आली ती मान्य केली. दारात सुकटीचं पोतं उतरलं तेव्हा त्या बिचाऱ्याला बायकोने विचारलं, ''रद्द केलं म्हणालात ना?'' तो तिला जन्मभर पटवू शकणार नाही.

मला हे सगळं कळलं ते तलासरीच्या बाजारात. तिथे एक मोठे शेठ आहेत, आगोटीची सगळ्यांत मोठी मागणी त्यांची असते. मी लसणाचा भाव करत होते, ते गल्ल्यावरून म्हणाले, ''मावशी, आमच्यावर रिसावलात काय? एवढी लांबलचक यादी टाकली, ना माल ना जवाब. शेवटी उंबरगावहून भरला.''

हातातला लसूण मी तसाच टोपलीत टाकला. शेठच्या मागणीवर आमच्या निम्म्या वलांड्या रिकाम्या व्हायच्या होत्या, आणि त्याच पैशातून गटाचं देणं फिटायचं होतं.

घरी आले, मागच्या दाराने आत गेले आणि भिंतीला सांगितलं, ''तलासरीच्या शेठची मागणी आलीच नाही म्हणावं.''

ओटीवरून जावईबापू लेकीला म्हणाले, ''तुझ्या आईला सांग, पाकीट फार मोठं झालं की वाटेत त्याचे तुकडे करतात. एक तुकडा हरवला की बाकीचेही फेकून देतात.''

''कोण फेकतं म्हणावं?''

''सिस्टीम.''

''मग शेठला कळवायचं कोणी म्हणावं?''

''आईला सांग, मागणी पोचलीच नाही, तर ती पोचली नाही हे सर्व्हरला कसं कळणार?''

हे बोलणं इतकं बरोबर होतं की मी जागच्या जागी उभी राहिले. त्यात एक शब्द खोटा नव्हता. माणूस इतकं बरोबर बोलून इतकं बुडवू शकतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. भिंतीकडे बघितलं. तिचं मत काही वेगळं दिसलं नाही.

होड्या वर यायला लागल्या. वलांड्यांवर माल पडून होता, दमट हवेने मऊ पडायला लागला, तो पडत्या भावाने कोंबडीच्या खाद्यवाल्याला गेला. गटाच्या बायका एकेक करून दारात येऊन जायला लागल्या. भांडायला कोणी आली नाही, तेच वाईट. ''सहज आले होते, काकू,'' म्हणायच्या आणि ओटीवरच्या पेटीकडे बघून जायच्या. जावईबापू विचार करायला म्हणून चार दिवस तलासरीला गेले, लेकीलाही नेलं, आणि पेटीला पंखा लावून गेले. चार दिवसांचे किती झाले मी मोजलं नाही. फोन करावा तर वाजून वाजून बंद. लेक एकदा बोलली, ''आई, ते विचार करतायत,'' आणि रडली.

मी चिकूच्या वाडीत फळं निवडायला जायला लागले. रोज जे मिळे ते ज्या घरात तांदूळ नसे तिथे देऊन येई. त्याने गटाचं देणं फिटणार नव्हतं, पण गावातून चालता येत होतं.

एके दिवशी वाडीत गेलेच नाही. जीप धरली आणि तलासरीला उतरले. जावईबापूंच्या खोलीचं दार उघडं होतं. ते पलंगावर आडवे होऊन फोनवर क्रिकेट बघत होते. मला बघून उठून बसले, मग उभे राहिले, मग आत बघायला लागले.

''अगं, आई आल्यात...''

''ती नळावर गेली आहे,'' मी म्हटलं. ''मला वाटेत भेटली.''

मी त्यांच्याकडे बघून बोलत होते. पदर डोक्यावर होता, पण बघत होते. जावईबापू भिंतीकडे सरकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला भिंतीची गरज नव्हती, आणि त्यांना होती.

''गटाचे पैसे कधी देणार?''

''देणार ना.''

''कधी?''

''बंदी उठली की बघतो...''

''बंदीत खायचे पैसे बंदी उठल्यावर देणार? काम काय करणार ते सांगा.''

त्यांनी फोनवरचं क्रिकेट बंद केलं. मी उभीच राहिले. मला गप्प राहायची सवय त्यांच्यापेक्षा जास्त, म्हणून शेवटी तेच बोलले. ''ॲप नीट करता येईल. प्रत्येक मागणीला नंबर द्यायचा. सर्व्हरने त्या नंबरची पोच पाठवायची. पोच आली नाही तर फोनने तोच नंबर पुन्हा पाठवायचा. तोच नंबर दुसऱ्यांदा आला तर माल एकदाच धरायचा, पोच मात्र पुन्हा द्यायची. मोठी यादी असली तर छोट्या पाकिटांत...''

''हे आधी ठाऊक नव्हतं?''

''ठाऊक होतं. पण ही रीत ते आपणहून करत नाही. ते ॲप लिहिणाऱ्याने करायचं असतं.''

''ॲप कोणी लिहिलं?''

नळावरून लेक आली. दोन्ही हातांत कळशा, दारातच थांबली. जावईबापूंनी तिच्याकडे बघितलं, ती काहीतरी पोचवेल या आशेने. लेकीने कळशा खाली ठेवल्या आणि म्हणाली, ''आईने तुम्हाला विचारलंय.''

''मी,'' जावईबापू म्हणाले.

मग मी चहा प्यायले. तोही जावयासमोर बसून.

जावईबापूंनी हायवेवर एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम धरलं. ॲपही दुरुस्त केलं. गटाने ठेवलेली अट मात्र त्यांना अपेक्षित नव्हती. पुढच्या हंगामात मागणीची पोच सर्व्हर देईल, पण माल पोचवायला जावईबापू स्वतः जातील, जीपवाल्याचं भाडं वाचेल ते देण्यात धरलं जाईल. सुट्टीच्या दिवशी ते मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी बोचकी बांधून निघायचे. शर्टाला सुकटीचा वास लागायचा तो धुऊन जात नसे. प्रत्येक दारात विचारावं लागे, ''मिळालं ना? बरोबर आहे ना? सही करा.'' वेवजीचा दुकानदार म्हणायचा, ''जावईबापू, यंदा वर काहीच नाही?''

भाव मात्र अजून जुन्याच रीतीने जातात. त्याला कोणी हात लावला नाही.

दर महिन्याला ते गटाकडे थोडे थोडे पैसे भरत गेले. एका महिन्यात कमी पडले, तर त्यांनी पेटीची बॅटरी विकली. घरी पंखा मालकांकडे परत आला. मी आता पुढच्या दाराने जाते-येते. जावयाशी बोलते असं नाही, पण भिंतीशीही बोलत नाही. गरज पडली की सरळ विचारते, आणि ते सरळ उत्तर देतात. दोघांनाही ते अजून अवघड जातं.

या वर्षी होड्या वर येण्याआधी गटाची बैठक झाली. जावईबापू दुकानातून तसेच आले, बायकांच्या मधे चटईवर अवघडून बसले आणि राहिलेली सगळी रक्कम त्यांनी समोर ठेवली. खजिनदारणीने मोजली, अध्यक्षीणबाईंनी मोजली, विश्वास नाही म्हणून शेजारणीने मोजली. जावईबापू घाम पुसत बसले होते, कोणी त्यांना पाणी विचारलं नाही. मग अध्यक्षीणबाई म्हणाल्या, ''पूर्ण आले,'' आणि त्याच बैठकीत बंदीच्या तांदळासाठी पैसे वाटायला घेतले.